डॉक्टर रखमाबाई : वैद्यकीच्या वाटेवर खोळंबलेल्या तरुणांसाठी एक चरित्र

आळेफाटा हे चारही दिशांच्या वाटसरूंचे ठिकाण आहे. पुण्याहून नाशिकास जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगराकडे जाणारा रस्ता हे येथेच एकमेकांस मिळतात. ओतूर, बेल्हे, राजुरी, नारायणगाव अशा भोवतालच्या गावांतील मुलेमुली पुस्तकांचे ओझे पाठीवर घेऊन येथे गाडीची वाट पाहत उभी असलेली आम्ही नित्य पाहतो. आपण डॉक्टर व्हावे अशी त्यांतील पुष्कळांची मनीषा आहे. कोणी बारावीत आहेत. कोणी पहिल्या खेपेस यश न आल्यामुळे बी. एस्सी.च्या वर्गात नाव घालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेची तयारी करीत आहेत. त्यांच्या तोंडावर जी काळजी दिसते ती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२४ साली नीट नावाच्या प्रवेशपरीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम. बी. बी. एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. म्हणजे वीस जणांमागे जेमतेम एकास जागा, असा हा हिशेब आहे. ज्यांस जागा मिळत नाही ते सारे आळशी किंवा मंदबुद्धीचे असतात असे म्हणणे खोटे तर आहेच, शिवाय निर्दयपणाचेही आहे.

अशा तरुणांस कोरडा उपदेश करण्यापेक्षा एका थोर बाईचे चरित्र त्यांच्यापुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. डॉक्टर रखमाबाई यांचे नाव वाचकांनी ऐकिले असेलच. त्यांच्यावर झालेला खटला सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या खटल्यामुळे वैद्यकीच्या अभ्यासास त्यांस किती वर्षे मुकावे लागले, आणि तरीही त्या अखेर डॉक्टर कशा झाल्या, ह्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आमच्या तरुण वाचकांच्या उपयोगाची गोष्ट तीच आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी सुतार ज्ञातीच्या एका कुटुंबात झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. मुलगी अगदी लहान असतानाच वडील वारले व जयंतीबाई कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास आडकाठी नव्हती. रखमाबाई आठ वर्षांच्या झाल्या त्या सुमारास जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी विवाह केला. तेही विधुर होते. हे सखाराम अर्जुन मुंबईतील नामांकित डॉक्टर असून वनस्पतिशास्त्राचे जाणते होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. आणि १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी निसर्गेतिहासाची संस्था स्थापिली, त्यांत ज्या दोन हिंदी गृहस्थांची नावे आढळतात त्यांपैकी एक नाव त्यांचे होते. सावत्र मुलीस त्यांनी पोटच्या मुलीप्रमाणे वागविले. रोग, औषधे व झाडपाला ह्यांची चर्चा ज्या घरात नित्य चाले, त्या घरात रखमाबाई वाढल्या.

तथापि त्या काळची रूढी त्या घरासही चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावून देण्यात आले आणि त्यांची शाळा सुटली. परंतु मुलगी कोवळ्या वयात सासरी पाठवावयाची नाही, हा सखाराम अर्जुन यांचा निश्चय होता. त्यामुळे रखमाबाई आईच्या घरीच राहिल्या. पुढे त्या जाणत्या झाल्या तेव्हा ज्या पुरुषाशी आपला विचार न घेता लग्न लावले गेले, त्याच्या घरी जाऊन राहण्यास त्यांचे मन घेईना.

शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरी वाचीत. ह्या गोष्टीपाशी आम्ही क्षणभर थांबतो. त्या मुलीपुढे परीक्षा नव्हती, गुणपत्रिका नव्हती, ह्या वाचनाचे पुढे काही फळ मिळेल अशी खात्री तर मुळीच नव्हती. घरकाम आटोपून उरलेल्या वेळात परक्या भाषेतले पुस्तक उघडावे, न समजलेला शब्द पुन्हा वाचावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, असा तो क्रम वर्षानुवर्षे चालला. पुढे लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात इंग्रजीतून अभ्यास करण्याची जी पात्रता त्यांच्या अंगी आली तिचा पाया ह्याच वर्षांत घातला गेला. लोकांच्या दृष्टीने मात्र ती वर्षे रिकामी होती.

१८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला आणि बायकोने आपल्या घरी येऊन राहावे असा हुकूम मागितला. रखमाबाई त्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढील वर्षीच्या एप्रिल महिन्यात, दावा चालू असतानाच, सखाराम अर्जुन वारले, आणि घरातला मोठा आधार ऐन संकटात तुटला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया पत्रात एका हिंदू स्त्रीची म्हणून, नाव न देता, बालविवाह व विधवांचे हाल ह्यांविषयी पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंचीच होती. बालपणीच्या लग्नाने मुलीची विद्येची आवड कशी गुदमरून जाते हे त्यांत त्यांनी स्वानुभवाने लिहिले होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. परंतु दादाजींनी अपील केले, ते १८८६ साली मान्य होऊन दावा पुन्हा चालविण्याचे ठरले, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला. एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे, असा त्याचा अर्थ होता. रखमाबाईंनी आपण तुरुंगात जाऊ, पण त्या घरी जाणार नाही असे कळविले.

ह्या प्रकरणाने सारा देश ढवळून निघाला. केसरी पत्राने रखमाबाईंवर कडक टीका केली. बेहरामजी मलबारी यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांची बाजू घेतली व त्यांच्या मदतीसाठी कमिटी उभी राहिली. नाक्यानाक्यावर एका तरुण बाईच्या नावाची चर्चा चालली होती. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. चार वर्षे एका दाव्यात गेली.

येथे दुसऱ्या एका नावाचे स्मरण होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, म्हणजे रखमाबाईंहून त्या चारच महिन्यांनी लहान. त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी स्वदेशी परत आल्या. त्या वर्षी रखमाबाई अपिलाच्या निकालाची वाट पाहत मुंबईत बसल्या होत्या. बरोबरीची मुलगी पदवी मिळविते आणि आपणांस अजून दारही दिसत नाही, हे दुःख ज्यांचे सोबती पुढे निघून गेले आहेत त्या आमच्या तरुणांस सांगावयास नको. परंतु पुढचा वृत्तान्तही पाहावा. आनंदीबाई क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. रोग्यांची सेवा करण्यास त्यांस वेळच मिळाला नाही. त्यानंतर सहाच दिवसांनी रखमाबाईंविरुद्ध तो निकाल लागला. त्या मार्च महिन्यात, ह्या बाईच्या हातून पुढे पस्तीस वर्षे रोग्यांची सेवा घडणार आहे, असे कोणी म्हटले असते तर त्यावर कोणाचा विश्वास बसला असता? आनंदीबाईंचा मान ह्याने तिळभर कमी होत नाही. आमचे म्हणणे इतकेच की कोण लवकर पोहोचला व कोण मागे राहिला ह्यावरून आयुष्याचा हिशेब मांडता येत नाही.

खटल्याच्या त्रासातून मोकळ्या झाल्यावर रखमाबाईंनी वैद्यकी शिकण्याचे मनात आणिले. ह्या कामी त्यांस डॉक्टर ईडिथ पीची यांचा मोठा आधार मिळाला. ह्या बाई १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या होत्या व कामा हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर होत्या. त्यांचे स्वतःचे चरित्रही ऐकण्यासारखे आहे. १८६९ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यकी शिकण्यासाठी ज्या पहिल्या स्त्रिया गेल्या त्यांपैकी त्या एक होत. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी इतके गुण मिळविले की एक मानाची शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची झाली. परंतु त्या स्त्री असल्यामुळे ती त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या एका पुरुषास देण्यात आली. पुढे विद्यापीठाने स्त्रियांस पदवी देण्याचेच नाकारले. तेव्हा त्यांनी स्वित्झर्लंडातील बर्न येथे जाऊन १८७७ साली पदवी घेतली. ज्यांनी दार बंद होण्याचे दुःख स्वतः सोसले होते, त्यांनीच रखमाबाईंस दुसरे दार दाखविले.

पैशाची अडचण मोठी होती. परंतु ठिकठिकाणच्या सहृदय लोकांनी हातभार लाविला. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडात ईव्हा मॅक्लॅरेन व वॉल्टर मॅक्लॅरेन ह्या जोडप्याने त्यांस आसरा दिला. अशा रीतीने १८८९ साली रखमाबाई इंग्लंडास गेल्या आणि लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीस आले होते. अकराव्या वर्षी शाळा सुटलेली ही बाई तेथे पुन्हा विद्यार्थिनी होऊन पहिल्या धड्यापासून शिकू लागली.

हे विद्यालय १८७४ साली निघाले होते, आणि त्याच्या विद्यार्थिनींस रोग्यांजवळ राहून शिकण्याची सोय रॉयल फ्री हॉस्पिटलात होती. रखमाबाईंनी तेथे नेटाने अभ्यास केला. शिक्षण लंडनला झाले, परंतु पात्रतेच्या परीक्षा त्यांनी एडिंबरो, ग्लासगो व ब्रुसेल्स येथे दिल्या. शिकावयाचे एका गावी आणि परीक्षेसाठी हिंडावयाचे तीन गावी, असा तो प्रकार होता. एडिंबरोच्या नावाने वाचकांस पीचीबाईंची आठवण होईल. ज्या नगरीत गुरूस पदवी नाकारली गेली होती तेथेच शिष्येने परीक्षा दिली. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. सरळ वाट मिळती तर कदाचित त्या दहा वर्षे आधी तेथे पोहोचल्या असत्या. वाट वाकडी मिळाली, तरी त्या पोहोचल्याच.

१८९५ साली त्या स्वदेशी परतल्या आणि सुरतेस स्त्रियांच्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर झाल्या. त्या काळी पुष्कळ घरांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीसुद्धा दाखवीत नसत. बाळंतपणात अडलेली बाई घरच्या घरीच प्राण सोडी. अशा लोकांत विश्वास संपादन करावयाचा, हे काम पुस्तकातल्या कोणत्याही परीक्षेहून अवघड होते. दुसऱ्याच वर्षी, १८९६ साली, मुंबईत प्लेगची भयंकर साथ सुरू झाली व तिने पुढे गुजरातेसही ग्रासले. मग दुष्काळ आला. त्या साऱ्या काळात रखमाबाई सुरतेसच होत्या. तेथे सुमारे बावीस-तेवीस वर्षे काढल्यावर १९१८ साली स्त्रियांसाठी असलेल्या सरकारी वैद्यकीय खात्यात त्यांस जागा देऊ करण्यात आली. ती न स्वीकारता त्या राजकोट येथील संस्थानच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या. राजकोटास त्यांनी रेडक्रॉसचे काम सुरू केले. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी पडद्याची चाल मोडावी म्हणून त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. उरलेले आयुष्य मुंबईत घालवून २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. ज्यांच्या नावाचा एके काळी वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, त्यांनी आपली उमेदीची पस्तीस वर्षे गाजावाज्यापासून दूर, बाळंतिणींच्या खाटांजवळ घालविली.

आता तरुण वाचकहो, ह्या चरित्रातून तुम्ही काय घ्यावे?

पहिली गोष्ट ही की उशीर म्हणजे नकार नव्हे. रखमाबाई पंचविसाव्या वर्षी विद्यालयात शिरल्या आणि तिसाव्या वर्षी कामास लागल्या. तुमच्यापैकी कोणी अठरा वर्षांचा आहे, कोणी वीस. आणि एका वर्षाच्या निकालावरून आपला जन्म फुकट गेला असे तुम्ही मानू लागता. आज ह्या प्रवेशपरीक्षेस वयाची वरची मर्यादा नाही आणि किती खेपा बसावे ह्याचेही बंधन नाही. मात्र ह्याचा अर्थ असा नव्हे की डोळे मिटून पुन्हा पुन्हा बसत राहावे. शिकवणीच्या वर्गाची फी भरण्यासाठी बापाने काय गहाण ठेविले आहे ह्याचा विचार तुम्ही केला पाहिजे. किती खेपा बसावयाचे हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवावे. आणि मागच्या खेपेस कोठे उणे पडले, पदार्थविज्ञानात, रसायनात की जीवशास्त्रात, हे कागदावर लिहून मगच पुढची तयारी करावी.

दुसरी गोष्ट ही की थांबण्याचा काळ रिकामा जाऊ देऊ नये. ग्रंथालयातील पुस्तकांनी रखमाबाईंस जे दिले तेच पुढे उपयोगी पडले. बी. एस्सी.च्या वर्गातील अभ्यास म्हणजे वाया गेलेले वर्ष असे समजू नका. तेथे शिकलेले रसायन व जीवशास्त्र डॉक्टर झालात तरी लागेल, न झालात तरी लागेल. सुट्टीच्या दिवशी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तेथील परिचारिका व आशाताई काय करतात ते पाहा. आपणांस रोग्यांची सेवा आवडते की डॉक्टर ह्या नावाचा मान आवडतो, हे तेथे एका दिवसात कळेल. सेवाच आवडत असेल तर तिच्या वाटा पुष्कळ आहेत. आयुर्वेद आहे, परिचर्या आहे, औषधनिर्माण आहे, भौतिकोपचार आहे, प्रयोगशाळेचे काम आहे. ह्या वाटा कमी प्रतीच्या आहेत असे म्हणणाऱ्याने एक रात्र सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात काढून पाहावी.

तिसरी गोष्ट ही की एकट्याने झुरत बसू नये. रखमाबाई धीराच्या होत्या खऱ्या, पण त्या एकट्याच लढल्या असे नाही. आधी सावत्र वडील, मग आई, कमिटीतील मंडळी, पीचीबाई, परदेशातील ते जोडपे, इतक्यांचे हात त्यांच्या पाठीशी होते, आणि ते हात घेण्याची त्यांस लाज वाटली नाही. तुम्हांस झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते दडवू नका. आईस सांगा, शिक्षकांस सांगा, मित्रास सांगा. सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलि-मानस नावाची सेवा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो व त्यास पैसे पडत नाहीत. आजाऱ्यांची काळजी वाहू इच्छिणाऱ्याने आपल्या आजाराकडे दुर्लक्ष करावे हे बरे नव्हे.

शेवटी आईबापांस व गावातील वडीलधाऱ्यांस दोन शब्द. सखाराम अर्जुन यांनी मुलीचे लग्न थांबविले नाही, परंतु लग्नानंतर तिच्यावर घाई लादली नाही. तिला घरात जागा दिली व पुस्तकांच्या आड ते आले नाहीत. त्या एका गोष्टीतून पुढचे सारे घडले. निकालाच्या दिवशी दारात येऊन किती गुण पडले म्हणून विचारणारे पुष्कळ असतात; त्या दिवशी मुलाजवळ बसून त्यास दोन घास खाऊ घालणारे थोडे असतात. शेजारच्या मुलाचे उदाहरण देऊन कोणाही मुलाची बुद्धी वाढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वाड्यावस्त्यांस डॉक्टरांची आजही गरज आहे. त्या कामासाठी जे तयार होत आहेत त्यांस आपल्या घरात थोडी शांतता, वेळेवर झोप आणि न रागावता ऐकून घेणारे एक माणूस एवढे तरी आपण द्यावे.